हंबकरच्या चार तारा: स्प्लिटच्या आधी पॅरलल

बडोद्यात इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्याकडून एकाच मोसमात दोन वेगळे आवाज मागितले जातात. गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात जाड, भरलेला, डिस्टॉर्शनचा आवाज हवा असतो. काही आठवड्यांनी गरब्याच्या स्टेजवर ढोल, कीबोर्ड आणि गायकांच्या मधून वाट काढणारा स्वच्छ, टोकदार रिदम हवा असतो. दोन गिटार घेऊन फिरणं सगळ्यांना जमत नाही. पण तुमच्या गिटारला हंबकर, म्हणजे दोन कॉईलचा पिकअप असेल आणि त्यातून चार रंगीत तारा बाहेर येत असतील, तर हे दोन्ही आवाज त्याच गिटारमध्ये आहेत. ते मिळवायला एक स्विच, थोडं सोल्डर आणि एक मोकळा रविवार पुरतो.

ज्यांनी गिटारची मागची प्लेट अजून उघडलेली नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. नवखी मंडळी बहुतेक वेळा कॉईल स्प्लिटपासून (दोनपैकी एक कॉईल बंद करण्यापासून) सुरुवात करतात, कारण त्याचंच नाव जास्त ऐकलेलं असतं. माझं ठाम मत आहे की पहिला बदल पॅरललचा, म्हणजे दोन्ही कॉईल शेजारी-शेजारी जोडण्याचा करावा. त्याचं कारण हंबकरच्या रचनेतच आहे, म्हणून आधी ती समजून घेऊ.

दोन कॉईल कशासाठी

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर स्टीलची स्ट्रिंग कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि कॉईलमध्ये सिग्नल तयार होतो. पण कॉईलला चांगलं-वाईट कळत नाही. जवळचा ट्रान्सफॉर्मर, लाइटचा डिमर, अँपचा पॉवर सप्लाय यांचं क्षेत्रही ती तितक्याच आवडीने पकडते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे ५०, १००, १५० अशा पटींतली घुरघुर स्पीकरमधून येते. त्यालाच आपण हमिंग म्हणतो.

गिब्सन कंपनीत काम करणाऱ्या सेथ लव्हर यांनी यावर उपाय काढला. शेजारी शेजारी दोन कॉईल ठेवायच्या, दुसरीची दिशा उलट करायची आणि तिच्याखाली चुंबकाचा ध्रुवही उलट ठेवायचा. स्ट्रिंगच्या सिग्नलसाठी दोन्ही गोष्टी उलट झाल्यामुळे तो दोन्ही कॉईलमधून सारखाच येतो आणि बेरीज होते. बाहेरून आलेल्या हमिंगचा मात्र आतल्या चुंबकाशी संबंध नसतो. त्याच्यासाठी फक्त कॉईलची दिशा उलटलेली असते, म्हणून एकीतलं हमिंग दुसरीतल्या हमिंगला मारतं. पेटंटचा अर्ज १९५५ मध्ये झाला आणि पेटंट १९५९ मध्ये मिळालं. गिब्सनच्या लेस पॉल गिटारवर हे पिकअप १९५७ पासून आले. त्या काळातल्या पिकअपच्या तळाला ‘पेटंट अप्लाइड फॉर’ असं स्टिकर असे, म्हणून त्यांना आजही पीएएफ म्हणतात.

लक्षात ठेवायचं ते इतकंच: दोन्ही कॉईल सारख्या चालू असतील तोवर हमिंग मरतं. एक बंद केली की ते परत येतं.

पहिली पायरी: तारा किती आहेत ते बघा

स्ट्रिंग सैल करा, मागची प्लेट काढा आणि काहीही हलवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. वरून एक, तिरका एक, प्रत्येक डागाचा (सोल्डरच्या सांध्याचा) जवळून एक. नंतर कुठली तार कुठे होती हा प्रश्न हमखास पडतो आणि त्याचं उत्तर फोटोतच मिळतं.

आता पिकअपकडून येणारी केबल बघा. वरून धातूची जाळी आणि आत एकच तार असेल, तर तो जुन्या पद्धतीचा दोन टोकांचा पिकअप आहे. त्याच्या दोन्ही कॉईल आतच कायमच्या जोडलेल्या असतात. त्याला स्प्लिट किंवा पॅरलल करायचं तर पिकअप खोलावा लागतो, आणि आतली तार इतकी नाजूक असते की नवख्याने त्यात हात घालू नये. केबलमध्ये चार रंगीत तारा आणि एक उघडी तार असेल तर पुढे वाचा. बऱ्याचदा चारपैकी दोन तारा एकमेकींना जोडून वर टेप गुंडाळलेली असते. तोच तुमचा खजिना.

सामान

निदान ४० वॉटचं सोल्डरिंग आयर्न घ्या. २५ वॉटचं आयर्न तारांना पुरतं, पण पॉटच्या (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालच्या भागाच्या) पाठीवर डाग देताना दमतं. पाठीचा धातू उष्णता ओढून घेतो, तुम्ही आयर्न धरून बसता आणि तेवढ्यात आतली कार्बनची पट्टी भाजते. रोझिन फ्लक्सवालं ६०/४० सोल्डर, थोडी मल्टिस्ट्रँड वायर, हीट श्रिंक नळी, बारीक पॉलिश पेपर आणि मल्टिमीटर. मीटर साधा चालेल, पण मीटरशिवाय हे काम करू नका.

स्विचसाठी दोन पर्याय आहेत. एक, मिनी टॉगल, म्हणजे डबल पोल डबल थ्रो, सहा पायांचा. यासाठी गिटारला भोक पाडावं लागतं. दुसरा, पुश-पुल पॉट: वरून नेहमीचा व्हॉल्यूम किंवा टोन, आणि नॉब ओढला की खाली बसवलेला तोच सहा पायांचा स्विच बदलतो. पहिल्यांदा करणाऱ्याने पुश-पुलच घ्यावा. गिटारला धक्का लागत नाही आणि मन बदललं तर सगळं पूर्ववत करता येतं. विकत घेण्याआधी तीन मापं घ्या: पोकळीची खोली, कारण पुश-पुल साध्या पॉटपेक्षा बराच उंच असतो, लाकडाची जाडी, कारण त्यावर शाफ्टची लांबी ठरते, आणि भोकाचा व्यास, कारण स्वस्त गिटारींमध्ये तो लहान असतो.

हंबकरला पॉट ५०० किलोओहमचा लागतो. सिंगल कॉईलच्या गिटारला २५० चा असतो. तो हंबकरला लावला तर वरचे सूर दबतात. टोनचा कपॅसिटर ०.०२२ मायक्रोफॅरडचा. दुकानात त्याच्यावर २२३ असं छापलेलं असतं. ४७३ म्हणजे ०.०४७, त्याने टोन कमी करताना आवाज जास्त झाकला जातो. गिटारमध्ये व्होल्टेज नगण्य असतं, त्यामुळे ‘हजार व्होल्टचा घ्या, भारी आहे’ असं कोणी सांगितलं तर पैसे वाचवा.

दुसरी पायरी: कोणत्या दोन तारा एका कॉईलच्या

कंपन्यांचे रंग वेगवेगळे आहेत. सेमूर डंकनमध्ये काळी ही सिग्नलची, पांढरी आणि लाल एकमेकींना जोडलेल्या, हिरवी ग्राउंडला (सिग्नलच्या परतीच्या वाटेला). डिमार्झिओमध्ये लाल सिग्नलची, काळी आणि पांढरी जोडलेल्या, हिरवी ग्राउंडला. उघडी तार दोन्हींत ग्राउंडलाच जाते. एका कंपनीचा नकाशा दुसरीच्या पिकअपला लावला की गोंधळ झालाच म्हणून समजा. ज्या पिकअपवर नावच नाही त्याच्या रंगांवर तर अजिबात विसंबू नका. मीटर खोटं बोलत नाही.

चारही तारा मोकळ्या करा. मीटर २० किलोओहमच्या रेंजवर ठेवा आणि दोन-दोन तारांच्या जोड्या तपासा. एका जोडीवर सुमारे ४ किलोओहम दिसेल, ती पहिली कॉईल. उरलेल्या जोडीवरही जवळपास तितकंच दिसेल, ती दुसरी. बाकीच्या जोड्यांवर काहीच यायला नको. एखादी कॉईल कोणत्याच जोडीवर आकडा देत नसेल तर ती आतून तुटलेली आहे. पुढे जाण्याआधी दुकानदाराशी बोला.

आकडा थोडा वर-खाली असला तर घाबरू नका. तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो, दर अंशाला सुमारे ०.४ टक्के. २० अंशांना ८ किलोओहम दाखवणारा पिकअप बडोद्याच्या मे महिन्यात, ४० अंशांना, ८.६ च्या आसपास दाखवतो. पिकअप बिघडलेला नसतो, ऊन वाढलेलं असतं.

तिसरी पायरी: प्लस कोणता, मायनस कोणता

हे बरेच जण गाळतात आणि मग आवाज पातळ का येतोय म्हणून दिवस घालवतात. मीटर डीसी व्होल्टच्या सर्वांत लहान रेंजवर ठेवा. सुईचा मीटर असेल तर उत्तम, सुई कुठे झुकली ते लगेच दिसतं. पहिल्या कॉईलच्या दोन तारांना मीटरची टोकं लावा. स्टीलचा स्क्रूड्रायव्हर पिकअपच्या पोलवर (रांगेत दिसणाऱ्या धातूच्या टोकांपैकी एकावर) टेकवा आणि झटक्यात वर उचला. उचलताना सुई एका बाजूला उडेल, डिजिटल मीटरवर क्षणभर प्लस किंवा मायनस चमकेल. दोन रांगांपैकी ज्या रांगेवर झटका मोठा, ती त्या कॉईलची रांग.

आता दुसऱ्या कॉईलचं तसंच करा. दोन्ही कॉईलवर स्क्रूड्रायव्हर *उचलताना* झटका एकाच दिशेला आला पाहिजे. येत नसेल तर दुसऱ्या कॉईलवर मीटरची टोकं अदलाबदल करा. मग मीटरचं लाल टोक ज्या तारेवर आहे ती त्या कॉईलची प्लस, काळं टोक ज्या तारेवर ती मायनस. चार तारांना कागदी टेपच्या चिठ्ठ्या लावा: अ-प्लस, अ-मायनस, ब-प्लस, ब-मायनस. डंकनमध्ये हा क्रम काळी, पांढरी, लाल, हिरवी असा येतो. डिमार्झिओमध्ये लाल, काळी, पांढरी, हिरवी.

एकदा या चिठ्ठ्या लागल्या की रंग विसरून जा. पुढचं सगळं या चार नावांनीच चालतं.

चौथी पायरी: कोणता आवाज हवा ते ठरवा

*सिरीज.* कारखान्यातून येणारी जोडणी. अ-प्लस सिग्नलला, अ-मायनस आणि ब-प्लस एकमेकींना, ब-मायनस ग्राउंडला. दोन कॉईल एकापाठोपाठ एक, म्हणून रोध ४ अधिक ४, साधारण ८ किलोओहम. आवाज सर्वांत मोठा, मध्य भरलेला, वरचे सूर थोडे गोल. डिस्टॉर्शन इथेच शोभतं. हा आवाज कधीच काढून टाकू नका, त्याच्या सोबतीला दुसरा आणा.

*पॅरलल.* दोन्ही प्लस सिग्नलला, दोन्ही मायनस ग्राउंडला. कॉईल शेजारी-शेजारी चालतात. रोध सिरीजच्या एक चतुर्थांश, म्हणजे सुमारे २ किलोओहम, आणि इंडक्टन्सही साधारण त्याच प्रमाणात उतरतो. त्यामुळे पिकअपचं अनुनादाचं शिखर वरच्या फ्रीक्वेन्सीकडे सरकतं. ऐकायला हे असं लागतं: आवाज मोकळा होतो, कॉर्डमधली प्रत्येक स्ट्रिंग वेगळी कळते, खालचा गाळ बसतो. आवाजाची पातळी कमी होते, ती अँपवर थोडी वाढवावी लागते. आणि दोन्ही कॉईल सारख्याच चालू असल्यामुळे हमिंग मेलेलंच राहतं.

*स्प्लिट.* जिथे अ-मायनस आणि ब-प्लस जोडलेले आहेत तो सांधा ग्राउंडला टाकायचा. ब कॉईलची दोन्ही टोकं ग्राउंडवर गेली, ती गप्प, फक्त अ वाजते. रोध ४ किलोओहम. लोकांना वाटतं आता स्ट्रॅटोकॅस्टरचा, म्हणजे सिंगल कॉईलच्या गिटारचा आवाज येईल. पूर्ण येत नाही, कारण पीएएफ पद्धतीच्या हंबकरच्या एका कॉईलला सुमारे ५,००० वेढे असतात आणि स्ट्रॅटच्या पिकअपला ८,००० च्या आसपास. शिवाय चुंबकाची मांडणीही वेगळी. परिणामी आवाज चमकतो पण अंग कमी पडतं. १४-१५ किलोओहमचा तगडा पिकअप असेल तर स्प्लिट छान लागतो, कारण अर्ध्यातही ७ किलोओहम उरतात. ८ किलोओहमच्या पिकअपला मला तो कृश वाटतो.

आणि हमिंग परत येतं. घरच्या खोलीत ते चालून जातं. पण गरब्याच्या मैदानावरचं स्टेज डोळ्यांपुढे आणा: डिमरवर चढ-उतार करणारे लाइट, एलईडीचे पॉवर सप्लाय, जनरेटर, लांबच लांब केबली. तिथे स्प्लिटवर नॉब ओढला की गाण्यातल्या प्रत्येक थांब्यात घुरघुर ऐकू येते. ज्या स्वच्छ आवाजासाठी स्प्लिट केला, त्याच्या जवळचा आवाज पॅरलल शांतपणे देतो. म्हणून म्हणतो, आधी पॅरलल.

*अर्धा स्प्लिट.* तोच सांधा थेट ग्राउंडला न टाकता २.२ किलोओहमच्या रेझिस्टरमधून टाकायचा. दुसरी कॉईल पूर्ण मरत नाही, थोडी वाजत राहते. अंग टिकतं, हमिंगही थोडं आटोक्यात. रेझिस्टर दोन-चार रुपयांचा. स्प्लिटच हवा असेल तर माझ्या मते असा करा.

*आउट ऑफ फेज.* एका हंबकरच्या आतल्या दोन कॉईल उलट जोडल्या तर सिग्नल एकमेकांना खातात आणि हमिंग वाढतं. याचा उपयोग फारसा नाही. पण दोन हंबकरपैकी एकाची फेज उलटी करून दोन्ही एकत्र वाजवले तर नाकातून गायल्यासारखा, पोकळ, करुण आवाज मिळतो. गिटारवादक पीटर ग्रीन यांच्या १९५९ च्या लेस पॉलची ओळखच तो आवाज होता. त्यांच्या नेक पिकअपचा चुंबक उलटा बसलेला होता. हा आवाज ऐकताना एका पिकअपचा व्हॉल्यूम किंचित कमी करून बघा. खाणं कमी होतं आणि अंग परत येतं, त्याच्या मधल्या जागा फार सुंदर आहेत.

पाचवी पायरी: स्विचची जोडणी

पॅरललसाठी सहा पायांच्या स्विचचे दोन उभे स्तंभ धरा. प्रत्येकात वरचा, मधला, खालचा असे तीन पाय. मधला पाय एका स्थितीत वरच्याला जोडला जातो, दुसऱ्या स्थितीत खालच्याला. कोणत्या स्थितीत कुठे, ते मीटरच्या बीपवर तपासा, कारण सगळे स्विच सारखे नसतात.

अ-प्लस थेट व्हॉल्यूम पॉटच्या सिग्नलच्या पायाला. तिथे पिकअप सिलेक्टरकडून तार येत असेल तर सिलेक्टरला. ब-मायनस आणि उघडी तार ग्राउंडला. या तिन्हींचा स्विचशी संबंध नाही.

अ-मायनस डाव्या स्तंभाच्या मधल्या पायाला. ब-प्लस उजव्या स्तंभाच्या मधल्या पायाला. दोन्ही वरचे पाय छोट्या तारेने एकमेकांना जोडा. डावा खालचा पाय ग्राउंडला. उजवा खालचा पाय, जिथे अ-प्लस गेली त्याच ठिकाणी.

स्विच वरच्या पायांवर असला की अ-मायनस आणि ब-प्लस एकमेकींना मिळतात: सिरीज. खालच्या पायांवर गेला की अ-मायनस ग्राउंडला आणि ब-प्लस सिग्नलला: पॅरलल. कागदावर एकदा स्वतः काढून बघा. बोटाने सिग्नलची वाट गिरवली की हे कायमचं डोक्यात बसतं.

स्प्लिटला एकच स्तंभ लागतो: सांधा मधल्या पायाला, एक टोक ग्राउंडला, दुसरं मोकळं. दोन्ही हंबकर स्प्लिट करणार असाल तर एकाची अ कॉईल आणि दुसऱ्याची ब कॉईल चालू राहील असं करा. ब चालू ठेवायची तर सांधा ग्राउंडऐवजी सिग्नलला टाकायचा. मग सिलेक्टर मधे असताना दोन उलट कॉईल एकत्र येतात आणि त्या एका स्थितीत तरी हमिंग मरतं.

डाग देताना आधी दोन्ही वस्तू तापवा, मग सोल्डर लावा. आयर्नवर सोल्डर वितळवून थेंब टाकला तर डाग वरून बसल्यासारखा दिसतो आणि महिन्याभरात सुटतो. चांगला डाग चकचकीत आणि पसरलेला असतो. पॉटची पाठ आधी पॉलिश पेपरने घासा. उघड्या तारेवर हीट श्रिंक चढवा, नाहीतर प्लेट लावताना ती दुसऱ्या पायाला टेकते आणि गिटार मुकी होते.

सहावी पायरी: प्लेट लावण्याआधी तपासा

गिटारला केबल लावा, व्हॉल्यूम पूर्ण, आणि केबलच्या दुसऱ्या टोकाच्या जॅकचं टोक आणि दांडा यांच्यावर मीटर लावा. सिरीजवर ८ किलोओहमपेक्षा किंचित कमी दिसेल, कारण ५०० किलोओहमचा पॉटही समांतर असतो. नॉब ओढला की २ च्या आसपास. स्प्लिट केलं असेल तर ४. पॅरललवर शून्य आलं तर सिग्नल कुठेतरी ग्राउंडला टेकलाय. पॅरललवर ४ आला तर स्विचचा एक खालचा पाय सुटलाय.

मग अँप लावा आणि स्क्रूड्रायव्हरने दोन्ही रांगांवर हलकेच टिचकी मारा. सिरीज आणि पॅरललमध्ये दोन्ही रांगांतून ‘टक्’ आला पाहिजे, स्प्लिटमध्ये एकीतूनच मोठा. स्ट्रिंग लावून वाजवल्यावर आवाज पातळ आणि हमिंग जास्त असेल, तर एका कॉईलच्या प्लस-मायनस चिठ्ठ्या चुकल्या आहेत, तिसऱ्या पायरीवर परत जा.

व्हॉल्यूम कमी केला की आवाज मंद होतो अशी तक्रार असेल तर त्याच बैठकीत टोनची जोडणी बदला. हल्लीच्या पद्धतीत टोनची तार व्हॉल्यूमच्या आत येणाऱ्या पायाला असते. ती मधल्या पायाला हलवली की पन्नाशीच्या दशकातलं वायरिंग होतं आणि व्हॉल्यूम सहावर आणला तरी वरचे सूर टिकतात. गरब्यात व्हॉल्यूमशी सतत खेळावं लागतं, तिथे याचा फार उपयोग होतो.

स्टेजवर जाण्याआधी

हंबकर फक्त पिकअपमध्ये शिरलेलं चुंबकीय हमिंग मारतो. कंट्रोलच्या पोकळीतून, खराब केबलमधून किंवा ग्राउंडमधून येणारी भुणभुण तो थांबवू शकत नाही. स्ट्रिंगला हात लावला की ती कमी होत असेल तर पोकळीला आतून तांब्याची चिकटपट्टी लावा आणि ती पट्टी ग्राउंडला जोडा. हात लावूनही काही फरक पडत नसेल तर ब्रिजकडे जाणारी ग्राउंडची तार सुटली आहे का बघा.

शेवटचं आणि सर्वांत गंभीर: हमिंग जावं म्हणून अँपच्या तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका. मांडवातली जोडणी तात्पुरती असते, जमीन ओली असू शकते, आणि गिटारची प्रत्येक स्ट्रिंग अँपच्या चॅसीला जोडलेली असते. हातात गिटार आणि ओठांना माइक, अशा वेळी दोन्ही वेगवेगळ्या फेजवर असतील तर शॉक जिवावर बेतू शकतो. साउंडवाल्याला आधी विचारा, मीटरने माइकची जाळी आणि स्ट्रिंग यांच्यामध्ये एसी व्होल्टेज तपासा. काही व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वाजवायला उभं राहू नका, लाइन दुरुस्त होईपर्यंत थांबा.

जोडणीचा तुमचा कागद घडी करून पोकळीतच, प्लेटच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. पुढच्या वर्षी नवा पिकअप बसवताना तुम्हाला लागेल, किंवा तुमची गिटार ज्याच्याकडे जाईल त्याला.